सावली पडते तिथं अंगण

लातुरात कुणी नवं घर बांधायला काढलं आणि मला नकाशा दाखवायला आणला, की मी खोल्या नंतर बघते. आधी विचारते, मे महिन्यात दुपारी चारला या घराची सावली कुठल्या बाजूला पडणार? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. किचनच्या ओट्याला ग्रॅनाइट कोणतं, टीव्हीमागच्या भिंतीला रंग कोणता, हे सगळं ठरलेलं असतं. बाहेर बसायचं कुठं, याला मात्र "समोर जागा सोडलीय की" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्या जागेत गाडी उभी राहणार असते.

मी आर्किटेक्ट नाही, बँकेत नोकरी करते. पण आमच्या घरापुढचं अंगण मी गवंड्याशेजारी उभं राहून करून घेतलंय, त्यातली एकेक गोष्ट वापरून बघितलीय, आणि म्हणून हे सगळं मोकळेपणानं लिहावंसं वाटतंय. ते केलं आत्यांसाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्यावर त्या औसा तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडं आल्या. घरात पंखा होता, कूलर होता, स्वतंत्र खोली होती. तरी दोन-चार दिवसांतच म्हणाल्या, "आत कोंडल्यावानी होतंय गं." ज्या बाईचा दिवस जन्मभर ओसरीवर सुरू झाला आणि अंगणात संपला, तिला चार भिंतींत दुसरं काय वाटणार?

त्यांच्या गावच्या घरावर माळवद होतं. लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली दगडमातीच्या रुंद भिंती. भर उन्हाळ्यात आत गेलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. १९९३च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी सरून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा याच जड भिंती आणि हीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आत्यांचं घर तडे जाऊन उभं राहिलं, पण त्यानंतर कितीतरी महिने त्या आळीतलं कुणी छपराखाली झोपलं नाही. सगळ्यांच्या बाजा अंगणात. आत्यांना अंगण म्हणजे शोभा कधीच वाटली नाही, जिवाला निर्धास्त करणारी जागा वाटली, ती तेव्हापासून जास्तच.

भूकंपानंतर आमच्या भागात सिमेंटचा स्लॅब आला. तो यायलाच हवा होता. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडत बसतो. म्हणजे माणसं कामावरून घरी येतात नेमकी तेव्हा खोल्या सगळ्यात जास्त तापलेल्या असतात. बाहेरची हवा मात्र आपल्या पठारावर लवकर गार होते, कारण ती कोरडी आहे. एप्रिल-मेमध्ये दिवेलागणीनंतर घराच्या आतपेक्षा बाहेर बरं वाटतं ते याच्यामुळं. तरी आपण खिडक्या लावून कूलर सुरू करतो.

आता सावलीचं. लातूरच्या डोक्यावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो १३-१४ मेच्या आसपास. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. सव्वाबारा-साडेबारा उलटले की सूर्य पश्चिमेकडं कलतो आणि घराची सावली पूर्वेला सरकायला लागते. आमचं घर गच्चीच्या कठड्यासकट १४ फूट उंच आहे. मेमध्ये चार वाजता त्याची सावली पूर्वेकडं १८ फुटांपर्यंत जाते, पाचला ३० फुटांच्याही पुढं. घराचं तोंड पूर्वेला आणि पुढची मोकळी जागा १४ फूट, म्हणजे चारला अख्खं अंगण सावलीत. एक पैसा न घालता. पश्चिमेच्या मागच्या पट्टीत त्याच वेळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. ज्यांचं घर पश्चिमाभिमुख आहे त्यांनी पुढच्या अंगणात सोफे मांडण्यापेक्षा मागच्या दारी बसायची सोय करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्यांना घरातून मागं न्यावं लागलं म्हणून काही बिघडत नाही.

गाडीवरून घरात थोडी चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, गाडी उन्हात कशी ठेवायची? मी म्हटलं, गाडीला सावली आणि आईला ऊन, असं कसं चालेल? दक्षिणेच्या बाजूला १० फुटांची पट्टी होती, तिथं फाटक करून गाडी नेली. पुढचं अंगण मोकळं झालं आणि तिथून खरं काम सुरू झालं.

जमिनीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. लातुरात बहुतेक ठिकाणी खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. तिच्यावर थेट कोबा केला की दोन पावसाळ्यांत तडे. म्हणून आम्ही दोन फूट काळी माती काढली, मुरूम भरला, थराथरानं पाणी मारून धुमसानं ठोकला. घराकडून रस्त्याकडं १४ फुटांत तीन इंचांचा उतार ठेवला. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी थांबत नाही. वर रफ शहाबादी फरशी, वाळूवर बसवलेली, दर्जांमध्ये सिमेंट न भरता बारीक खडी. पावसाचं पाणी दर्जांतून खाली जिरतं, आणि एखादी फरशी खचली तर ती एकटी उचलून पुन्हा बसवता येते. शहाबाद आमच्यापासून फार लांब नाही, कलबुर्गी जिल्ह्यात, त्यामुळं इकडं ही फरशी पहिल्यापासून वापरात आहे. दुकानदार चकचकीत टाइल्स दाखवत होता. अंगणात चकचकीत टाइल म्हणजे पहिल्या पावसात म्हातारं माणूस घसरून पडायची सोय. पेव्हर ब्लॉकही नको म्हटलं, अनवाणी पायाला ते सुखाचे नाहीत आणि आत्या चप्पल घालत नाहीत. सध्या जिकडं-तिकडं प्लास्टिकची हिरवी लॉन अंथरतात, तिच्यावर उन्हात दोन मिनिटं पाय ठेवून बघा. खऱ्या गवतापेक्षा ती किती तरी जास्त तापते.

अर्धं अंगण फरशीचं, अर्धं मातीचं ठेवलंय. मातीच्या भागात आत्या सकाळी सडा टाकतात, रांगोळी काढतात. संध्याकाळी पाचला मी फरशीवर दोन बादल्या पाणी शिंपडते. कोरड्या हवेत पाणी चटकन उडून जातं आणि जाताना फरशीची उष्णता घेऊन जातं. अर्ध्या तासात बसण्याजोगं होतं. जुलैत हवा दमट असते, तेव्हा शिंपडून काही उपयोग नाही, नुसता चिखल.

पूर्वेच्या अंगणाची एक अडचण आहे, सकाळचं ऊन. आठपासून बारापर्यंत ते थेट येतं आणि फरशी तापवून ठेवतं. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. फाटकाजवळचा कडुनिंब तर घर बांधलं तेव्हाच लावला होता. कडुनिंबासारखं झाड आपल्याकडं नाही. माघ-फाल्गुनात पानं गाळतो, तेव्हा ऊन हवंसंच असतं. चैत्रात तांबूस पालवी येते आणि ऊन कडक होईपर्यंत सावली दाट झालेली असते. लिंबोळ्या पिकायला लागल्या की खाली चिकट पसारा होतो, तेवढा झाडावा लागतो. आमच्या शेजारच्या काकूंनी त्याच कारणानं त्यांचा निंब तोडला. मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट मांडव. चार लोखंडी पाइप, साडेआठ फूट उंच, वर बांबूची चौकट. पत्रा टाकू नका, एवढं हात जोडून सांगते. आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरापुढं पत्र्याचं शेड आहे आणि त्याखाली दुपारी कुणी बसलेलं मी बघितलेलं नाही, कारण तापलेला पत्रा खालच्या माणसाला भाजतो. आम्ही तुराट्या टाकतो. लातूर म्हणजे तुरीचा मुलूख. रास झाली की गावाकडून तुराट्यांचे भारे येतात. फाल्गुनात मांडवावर त्या आडव्या-उभ्या दोन थरांत पसरायच्या, सुतळीनं बांधायच्या. उजेड गाळून येतो, वारा आरपार जातो, आणि खाली हलती जाळीदार सावली पडते. मृगाच्या आधी काढून टाकायच्या. पावसात त्या कुजतात, आणि थंडीत तर चौकट मोकळीच हवी, सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायला. दिवाळीत वर तुराट्या नसतात हेही बरंच आहे, फटाक्याची एक ठिणगी पुरते. ज्यांना गाव उरलेलं नाही त्यांनी बुरुडाकडून बांबूचे तट्टे विणून घ्यावेत. हिरवं शेडनेटही चालेल, पण त्याखाली माणसांचे चेहरे हिरवट दिसतात, मला ते आवडत नाही.

बसायला काय, यावर लोक सगळ्यात जास्त खर्च करतात. वेताचे सोफे, त्यावर गाद्या, मधे काचेचं टेबल. मग धुळीमुळं त्या गाद्या आत जातात आणि आतच राहतात. आपल्याला बाहेर सुखानं बसायला एवढं काही लागत नाही. येळवशीला बघा ना. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला अख्खं शहर रिकामं होऊन शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पांडव पूजतात, आणि मग झाडाखाली सतरंजी टाकून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्या दिवशी कुणाची पाठ दुखत नाही आणि कुणाला उठावंसं वाटत नाही. सावली, पाठीला खोड, पायाला मऊ भुई, जवळ पाण्याचा माठ, आणि आपली माणसं. मी अंगण करताना हेच डोळ्यांपुढं ठेवलं होतं.

म्हणून कंपाउंडला लागून दगडी ओटा बांधला. ओट्याची रुंदी दोन फूट, कारण आपल्याकडच्या बाया पाय सोडून कमी आणि मांडी घालून जास्त बसतात. बाजारातली बाकं पंधरा-सोळा इंच रुंद असतात, त्यांच्यावर मांडी बसत नाही. उंची ठरवायला आत्यांना घरातल्या वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून उठायला लावलं. ज्या खुर्चीवरून त्या गुडघ्यावर हात न टेकता उठल्या ती १९ इंच भरली. तेवढाच ओटा. कडा गोल घासून घेतल्या, नाहीतर मांडीखाली रुततात. एका टोकाला धरून उठायला पाइप बसवला आणि पाठीमागची भिंत थोडी कललेली ठेवली. ओट्यासमोर बाज. गावची, सुतळीनं विणलेली. सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून ताणायची, एवढीच तिची देखभाल. दिवसा भिंतीला उभी, रात्री आडवी. मुलीच्या हट्टानं पोर्चमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा, लावलीय. तिला पुढं-मागं तीन-तीन फूट मोकळे लागतात, हे आधी मोजून घ्या.

कंपाउंडची भिंत पाच फुटांची होती. ओट्यावर बसलं की रस्त्याच्या बाजूला नुसतं प्लास्टर. गवंडी मिस्त्रीला सांगून त्या बाजूच्या आठ फुटांत ती तीन फुटांवर आणली आणि वर लोखंडी जाळी बसवली. सुरक्षितता तीच, पण रस्ता दिसायला लागला. या एका बदलानं अंगण जिवंत झालं असं मला वाटतं. आत्या संध्याकाळी बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बाईला विचारतात, "कुठं जालालाव बाई?" सुरुवातीला लोक दचकायचे. शहरात कोण विचारतं? आता भाजी घेऊन येणाऱ्या दोघी-तिघी आत येऊन टेकतात, वाटाणे सोलतात, नाहीतर वाती वळतात. माझ्या ज्या शेजारणींशी इतकी वर्षं नुसतं हसून पुढं जाणं होत होतं, त्यांच्या घरातली सुखदुःखं मला आत्यांमुळं कळली. उंच भिंती बांधून आपण स्वतःला कशापासून वाचवतोय, हा प्रश्न मला फार वेळा पडतो.

झाडांबद्दल थोडक्यात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. ज्या शहरानं ते बघितलं तिथं लॉन लावणं मला पटत नाही. आमच्याकडं मोगरा, तगर, कोरफड, मांडवाच्या एका खांबावर मधुमालती, निंबावर गुळवेल. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी यांना जातं. मोगऱ्याच्या शेजारी नेहमीचा झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरलाय. तो भरून झाकून ठेवला की पाणी हळूहळू मुळांपाशी पाझरतं, वरची माती कोरडीच राहते. निंबाची गळलेली पानं मी जाळत नाही, आळ्यात अंथरते. रातराणी मुद्दाम लावली नाही. तिच्या वासानं आत्यांचं डोकं दुखतं.

डासांचं मात्र मनावर घ्या, नाहीतर एवढं केलेलं सगळं वाया जाईल. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी उघड्यावर येणंच बंद केलं आणि डास हटवले, तेव्हापासून त्या खड्ड्यांचं नाव सगळीकडं झालं. आम्ही बाहेरच्या मोरीचं पाणी तशाच खड्ड्यात सोडलं. कुंड्यांखाली ताटल्या ठेवत नाही. पक्ष्यांसाठीचं पाणी रोज बदलतो, रांजण आठवड्यातून एकदा कोरडा करून घासतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून उडायला त्याला आठवडाभर पुरतो. बसल्यावर एक साधा टेबल फॅन पायांच्या दिशेनं लावायचा, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही.

दिवा पिवळा आणि खाली. ओट्याच्या पोटात दोन छोटे बल्ब लावलेत, पायाखालचं दिसण्यापुरते. मोठा पांढरा हॅलोजन लावला की किडे गोळा होतात आणि समोरच्याचा चेहरा पोलीस चौकीत बसल्यासारखा दिसतो.

आता पावसाळ्याचा प्रश्न उरलाय. आपल्याकडं मोसमी वारं पश्चिम-नैऋत्येकडून येतं, त्यामुळं घराच्या आडोशाला असलेल्या पूर्वेच्या बाजूला झड कमी लागते, हा आणखी एक फायदा. पण वळवाचा आणि परतीचा पाऊस कुठूनही झोडपतो, आणि तेव्हा आत्यांना आत यावं लागतं. म्हणून यंदा दारापुढं पडवी काढतोय, मंगलोरी कौलांची, छपराला चांगला उतार देऊन. ह्यांना पत्रा स्वस्त वाटतोय, त्यावर अजून बोलणं चालू आहे. आत्यांची अट एकच आहे, पडवीत बाज आडवी मावली पाहिजे. बाज सहा फुटांची आहे, म्हणून मिस्त्रीला रुंदी साडेसात फूट धरायला सांगितलीय.